आबांचे पाय तपासणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर, नमस्कार.

आमच्या आबांचे पाय तुम्ही शिबिरात तपासलेत, त्या दिवशी नीट बोलणं झालंच नाही. मागे रांग ताटकळत होती, आम्ही नुसतं ‘येतो’ म्हणून निघालो. म्हणून हे पत्र, आणि उघड अशासाठी की हे काम करणाऱ्या इतरांनीही ते वाचावं.

आबांची शुगर जुनी. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी, डोळे, किडनी, सगळ्याचे रिपोर्ट फायलीत लावलेले. पण ‘पाय वर घ्या, बघू’ असं इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरनं म्हटलं नव्हतं. आबांचीही तक्रार नव्हती. पाय दुखत नाहीत म्हणजे चांगले आहेत, हा रानात राबणाऱ्या माणसाचा साधा हिशेब.

तुम्ही तो स्पर्श कळतो का हे पाहायचा, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, मोनोफिलामेंट, आधी त्यांच्या हातावर टेकवलात, काय जाणवायला हवं ते कळावं म्हणून. मग डोळे मिटायला लावून तळव्याला. घट्टे टाळून, धागा वाकेपर्यंत दाबायचा आणि लगेच उचलायचा. आबा दर वेळी ‘व्हय, लागतंय की’ म्हणत होते आणि मी निर्धास्त होत होतो. तेवढ्यात तुम्ही धागा हवेतच धरून विचारलंत, ‘आबा, आता?’

‘व्हय.’

तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडे बघून भुवईसुद्धा उचलली नाहीत. प्रत्येक जागी दोनदा खरा स्पर्श आणि एकदा नुसताच प्रश्न, असं पुन्हा पहिल्यापासून केलंत, आणि ‘कोणता पाय?’ हेही विचारत गेलात. उजव्या अंगठ्याखाली आबा सगळंच अंदाजानं सांगत होते. माझ्या मते खरी तपासणी होती ती एवढीच. घाईघाईत ‘लागतंय ना?’ विचारणाऱ्यानं आबांना केव्हाच पास करून टाकलं असतं. मोठ्या माणसांना डॉक्टरांपुढे ‘नाही’ म्हणायची सवय नसते.

मग १२८ हर्ट्झचा नादकाटा, ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा. अंगठ्याच्या हाडावर टेकवलात तेव्हा आबांना थरथर कळलीच नाही, घोट्यावर कळली. सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि साखरेचा मार आधी त्यांच्या टोकांना बसतो, म्हणून बधिरपणा खालून वर चढतो, हे तुम्ही तिथेच समजावलंत. थरथर कितपत कळते ते मोजणाऱ्या यंत्राचा, बायोथेसिओमीटरचा, आकडा पंचवीस व्होल्टच्या वर गेला की जखमेचा धोका वाढतो. आबांचा उजव्या पायाचा बराच वर गेला. घोट्याला पट्टा बांधून रक्तपुरवठाही पाहिलात, तो ठीक निघाला.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोळ्यांची पिशवी उलटी करून तुम्ही विचारलंत, ‘मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे?’ शुगरची ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, म्हणून ते तपासायची चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून घेतलीत. ते कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. ही कमतरताही नसांना त्रास देते, पण सगळा दोष तिचा नाही आणि गेलेली जाणीव सगळी परत येईल असं धरून चालू नका, हेही स्पष्ट बजावलंत. खोटी आशा लावली नाहीत, त्याचे वेगळे आभार.

पुढची लढाई चपलेची. आबांची कोल्हापुरी तुम्ही हातात घेतलीत, आतून बोटं फिरवलीत आणि वर आलेलं खिळ्याचं टोक मला दाखवलंत. तीच घालून आबा रोज बाजारात जात होते! एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, मऊ चप्पल म्हटल्यावर मात्र आबांचं तोंड उतरलं. त्यांच्या तरुणपणी तसल्या चपला कुष्ठरोग्यांना मिळायच्या. गावात लोक काय म्हणतील, ही त्यांची धास्ती. तुम्ही ती उडवून लावली नाहीत. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांची गोष्ट सांगितलीत. बोटं झडतात ती रोगानं आपोआप नव्हे, तर दुखणं कळत नसल्यामुळे होणाऱ्या जखमांनी, हे त्यांनी कुष्ठरोग्यांवर उपचार करताना दाखवून दिलं. ‘आबा, नस कशानं गेली हे पायाला काय ठाऊक? जपायची रीत तीच.’ आणि मागे पट्टा असलेली, चारचौघांसारखी दिसणारी सँडल दाखवलीत. आबा वापरतात. कोल्हापुरी फक्त लग्नाकार्यात घालतो म्हणाले, तेही आईनं हाणून पाडलं.

आईला शिकवलेली बोटांची तपासणी चालू आहे. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी. आबांचे डोळे मिटलेले. तर्जनी अलगद सेकंदभर टेकवायची, दाबायचं नाही. सहांपैकी दोन चुकली तर दवाखाना गाठायचा, हा नियम आता अख्ख्या गल्लीला पाठ आहे. शेजारच्या काकूंची दोन चुकली, त्या तपासून आल्या. आई मात्र तुमच्याइतकी शांत नाही. न टेकवताच ‘आता?’ विचारते आणि आबा फसले की खो-खो हसते. आबा हल्ली तिलाही ‘न्हाई’ म्हणायला शिकलेत.

सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलंत, त्याप्रमाणे येतोय. आबांनी तुमच्यासाठी भुईमुगाच्या शेंगा काढून ठेवल्यात. ड्युटीवर काही घेत नाही म्हणालात तरी या वेळी ते ऐकणार नाहीत.

आपला,
आबांचा थोरला