रविवारची फेरी : निघण्याआधी एवढं बघा

सभासदहो, रविवारी सकाळी ८ वाजता ॲबिंग्डनहून निघायचं आहे. आपल्या एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या, १९६२ ते १९८० या काळात याच गावात तयार झाल्या, म्हणून सुरुवात इथूनच.

आदल्या दिवशी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या दोन्ही एसयू कार्बोरेटरच्या डॅशपॉटमधलं, म्हणजे वरच्या छोट्या नळकांड्यातलं, तेल बघा. ते कमी असलं की ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळतं. पेट्रोल ई५च (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) भरा, ई१०मधल्या (१० टक्क्यांपर्यंत) इथेनॉलने जुने रबरी पाइप खराब होतात.

रोडस्टरवाल्यांनी, म्हणजे छत उतरवता येणाऱ्या गाडीवाल्यांनी, पाऊस नसेल तर छत उतरवूनच यावं, थंडी असली तरी. कानटोपी घाला. १७९८ सीसीच्या इंजिनाचं घुमणं आणि ओल्या गवताचा वास बंद गाडीत मिळत नाही!

मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली तर थांबा.