वजनकाटा आहे, पण उंचीची टेप कुठंय?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

ऑपरेशनच्या वेळी व्हेंटिलेटरचं प्रेशर प्रत्येक पेशंटला बघून ठेवावं, असा लेख आपल्या पेपरात वाचला. लेख छानच आहे पण सगळा भर नव्या मशीनवर दिसला, आणि मी बावीस वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, भूलतज्ज्ञांच्या हाताखाली टेक्निशियन आहे म्हणून सांगतो, आमचं गाडं मशीनच्या आधीच अडतं. पेशंटची उंचीच कुणी मोजलेली नसते!

वजन घेतात, औषधाचा डोस त्यावर असतो ना. उंचीचा रकाना एकतर कोरा, नाहीतर सगळ्यांना सरसकट १५५. एकदा पित्ताच्या पिशवीच्या ऑपरेशनला आलेल्या मावशींना विचारलं उंची किती, तर म्हणाल्या, "मला बघायला आले होते तेव्हा मोजली असंल बाबा." वजन ८२ किलो. टेबलावरच टाचेपासून डोक्यापर्यंत टेप लावली, बरोबर १५० सेंटीमीटर. आता माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं काही मोठी होत नाहीत, ती उंचीच्या मापाची, त्यामुळे एका श्वासाला किती हवा द्यायची ते उंचीवरून काढलेल्या वजनावर धरतात. १५० सेंटीमीटरच्या बाईचं ते वजन येतं ४३ किलो, किलोला ८ मिली धरले तरी साडेतीनशेच्या आतच. ८२ वर हिशोब केला असता तर साडेसहाशे, जवळजवळ दुप्पट! पूर्वी तर हिशोबच नसायचा, "पाचशे, बारा" म्हणायचं, म्हणजे श्वासाला ५०० मिली आणि मिनिटाला १२ श्वास, मग टेबलावर पैलवान असो की माझ्या आईएवढी बाई.

याचा फरक पडतो का? फ्रान्समध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या ४०० पेशंटवर अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. निम्म्यांना जुन्या पद्धतीनं किलोला १० ते १२ मिली आणि पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेलं थोडं प्रेशर) नाही, निम्म्यांना ६ ते ८ मिली, पीप ६ ते ८, आणि दर अर्ध्या तासाला फुप्फुसं उघडायला एक दाबाचा श्वास. आठवड्याभरात गंभीर त्रास झालेले जुन्या पद्धतीत २७.५ टक्के, नव्यात १०.५.

ही पीप कशाला? भाजीवाल्याकडची पातळ पिशवी आठवा, ओली होऊन चिकटली की बोटांनी चोळचोळून उघडावी लागते. भूल दिल्यावर फुप्फुसाचे खालचे भाग तसेच मिटतात, आणि दर श्वासाला मिटणं-उघडणं चालू राहिलं की आतून सोलवटल्यासारखं होतं. पण म्हणून सगळ्यांना भरपूर पीप लावा असंही नाही हो, २०१४ मध्ये ९०० पेशंटच्या अभ्यासात निम्म्यांना १२ ची पीप लावून पाहिली, फुप्फुसांना जास्त फायदा काही दिसला नाही, बीपी मात्र जास्त जणांचं पडलं. २०१९ ला लठ्ठ पेशंटवरही हेच, फायदा नाहीच.

म्हणूनच आमचे सर श्वास भरल्यावर मशीन क्षणभर थांबवून प्रेशर बघतात, त्यातून पीप वजा करतात, आणि पीप दोन-दोननं हलवत हा उरलेला आकडा सगळ्यात कमी कुठं येतो तिथं थांबतात, म्हणजे फुप्फुसांवर ताण कमीत कमी. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरला की श्वासाचा पडदा वर सरकतो, गर्भाशयाच्या केसला टेबल डोक्याकडून खाली केलं की अजूनच, मग आकडा परत बघायचा. यानं पेशंटचा शेवटी किती फायदा होतो यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही, आणि जुन्या मशीनवर हा आकडा दिसतही नाही. पण उंची मोजायला कसलं मशीन लागतं?

मी पूर्वी होतो त्या एका हॉस्पिटलात टेप काढली की ऐकायला मिळायचं, "शिंपी आहेस का, केस उशिरा होतीय." वाचकांना एवढंच म्हणणं, घरच्या कुणाचं ऑपरेशन असेल तर आदल्या दिवशी दाराच्या चौकटीला उभं करून उंची मोजा आणि भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा त्यांच्या हातात आकडा द्या.

आता आमच्या भुलीच्या ट्रॉलीला शिंप्याची टेप आहे. दोनदा कुणीतरी उचलून नेली, म्हणून तिसरी मी बँकेतल्या पेनासारखी दोरीनं बांधून टाकलीय.

– एक ओटी टेक्निशियन, मिरज