परिसंवादाआधी काकांना पत्र

डब्लिन
12 फेब्रुवारी

ती. काका व ती. सौ. काकूंना
शि. सा. नमस्कार.

मंडळाच्या व्याख्यानमालेत यंदा गर्भपातावर परिसंवाद ठेवायचं तुम्ही ठरवलंत आणि निम्म्या कार्यकारिणीच्या कपाळावर आत्ताच आठ्या पडल्या, हे काकूंनी फोनवर सांगितलं. आयर्लंडने हे भांडण कसं मिटवलं, असं तुम्ही विचारलंत. मिटलेलं नाहीच. पण भांडायची एक रीत इथल्या लोकांनी बसवली, आणि ती इंदूरच्या सभागृहातही बसेल.

1983 साली इथल्या राज्यघटनेत कलम आलं की आईच्या आणि न जन्मलेल्या जिवाच्या जगण्याचा हक्क सारखाच. ऐकायला न्याय्य वाटतं. 2012 च्या ऑक्टोबरात इथल्या गॉलवे शहरातल्या रुग्णालयात सविता हलप्पनवार दगावली. आईवडील बेळगावचे, स्वतः दातांची डॉक्टर, 31 वर्षांची. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे कळलं होतं, पण त्याच्या हृदयाचे ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला. दोन हक्क सारखे म्हटले की दोन्ही धोक्यात असताना डॉक्टरने हात कधी घालायचा, याचं उत्तर ते कलम देत नव्हतं.

पुढे 2016 मध्ये सरकारने नागरिकांची सभा बोलावली. अध्यक्षपदी एक न्यायाधीश बाई आणि 99 सामान्य माणसं, वय, लिंग, प्रदेश, सामाजिक स्तर यांचं प्रमाण सांभाळून निवडलेली. या विषयाला पाच शनिवार-रविवार दिले. सात-आठ जणांचं एक टेबल, प्रत्येक टेबलाला बोलणं वाटून देणारा एक आणि टिपणं घेणारा एक. आधी डॉक्टर आणि वकील, त्यांना फक्त प्रश्न. मग दोन्ही बाजूंच्या संघटना. मतदान अगदी शेवटी आणि गुप्त. मतपत्रिकाही पायऱ्यापायऱ्यांच्या. पहिला प्रश्न एवढाच, की हे कलम जसंच्या तसं ठेवायचं का? 87 टक्के नको म्हणाले. मग त्याच्या जागी काय, कोणत्या कारणासाठी, कितव्या आठवड्यापर्यंत, हे वेगवेगळे प्रश्न. 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्क्यांनी कलम काढायला कौल दिला. उरलेले 33.6 टक्के शेजारीच राहतात, रविवारी चर्चमध्ये भेटतात.

तुमच्याकडे पाच शनिवार-रविवार कुठले! तीन तास धरा, आणि त्यातला पहिला तास वस्तुस्थितीला द्या. तो वाचवायला जाल तर पुढचे दोन वाया जातील. एका पानाचा कागद काढून खुर्च्यांवर ठेवा. त्यात एवढं हवंच:

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकून दोन आठवडे झाले की कागदावर सहा भरतात, प्रत्यक्षात गर्भ राहून चारच झालेले असतात. सभेत कोणी ‘सहा आठवडे’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘दीड महिन्याचं मूल’ ऐकलं की तिथेच गाडी घसरते.

आपला कायदा 1971 चा, 2021 मध्ये सुधारलेला. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 मध्ये दोघांचं, तेही ठरलेल्या गटांतल्या स्त्रियांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग, मनोरुग्ण, गर्भात दोष असलेली, आपत्तीत सापडलेली. अविवाहित स्त्रीलाही यातून वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 ला सांगितलं. 24 च्या पुढे गर्भात गंभीर दोष असेल तरच, आणि तेही वैद्यकीय मंडळाने मान्य केलं तर. आईचा जीव वाचवायला तातडीने करावा लागला तर आठवड्यांची अट नाही. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, रुग्णालयं सवयीने मागतात. (या वाक्यावर सभेत कुजबुज होईल, होऊ द्या.)

20 ची मर्यादा 24 का झाली, हे लोकांना माहीत नसतं. गर्भातले दोष शोधायची मुख्य सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांत होते. तीत शंका आली की गर्भजलाची तपासणी, आणि तिचा अहवाल यायला दोन-तीन आठवडे. तोवर जुनी मुदत टळलेली असायची, आणि जोडप्याला कोर्टाची पायरी चढावी लागायची.

आता शब्दांचं. ‘भ्रूणहत्या’ हा शब्द सूत्रसंचालकाने स्वतः वापरू नये, कारण निकाल त्या शब्दातच देऊन टाकलेला असतो. शिवाय मुलगी आहे म्हणून पाडणं आणि गर्भपात या दोन गोष्टी त्याने एक होतात. गर्भाचं लिंग तपासून सांगणं 1994 च्या वेगळ्या कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर 1988 मध्येच कायदा केला होता. मर्यादेत केलेला गर्भपात मात्र कायदेशीर आहे. बायका आपसांत ‘पिशवी धुतली’, ‘क्युरेटिंग केलं’ म्हणतात. त्यांना तेच म्हणू द्या, दुरुस्त करू नका.

शास्त्री मंडळी ग्रंथांचा दाखला देणारच, तेव्हा तुमच्या हाताशी असू द्या. आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत ‘गर्भस्राव’ आणि पाचव्या-सहाव्यात ‘गर्भपात’, असे दोन शब्द आहेत. डोहाळे हा शब्द ज्या ‘दौर्हृद’वरून आला, ती दोन हृदयांची अवस्था चरक तिसऱ्या महिन्यात धरतो, सुश्रुत चौथ्या. गर्भोपनिषद म्हणतं की जीव सातव्या महिन्यात येतो. गर्भाचा कोणता अवयव आधी होतो यावर सुश्रुताने शौनकाचं मत डोकं, कृतवीर्याचं हृदय, पाराशर्याचं नाभी असं एकेक मांडून मग धन्वंतरींचं सांगितलंय: सगळे एकदम. म्हणजे आपल्या परंपरेचं मत एकच होतं असं दोन्हीपैकी कुठल्याही बाजूने म्हणू नये.

यापुढचं मात्र काका, मुख्यतः तुमच्यासाठी. तुम्ही आणि ताई गेली कित्येक वर्षं एकाच वाक्यावर अडता: ‘तो जीव आहे की नाही?’ ते उत्तर मिळालं तरी वाद संपत नाही. 1971 मध्येच, म्हणजे आपला कायदा झाला त्याच वर्षी, एका अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी म्हटलं होतं की गर्भ पूर्ण माणूस आहे हे क्षणभर मान्य करू. तरी दुसऱ्याला जगवण्यासाठी नऊ महिने आपलं शरीर द्यायला कोणाला भाग पाडता येतं का? याला विरोधकांचं उत्तरही वजनदार आहे: आईचं नातं परक्याचं नसतं, आणि ज्या गर्भाचं सगळं आयुष्य पुढे आहे त्याचं ते आयुष्यच आपण काढून घेतो. दोन्ही बाजू मोठ्याने वाचून दाखवा, पण माणसं बदलून. विरोध असणाऱ्याने पाठिंब्याची वाचावी, पाठिंबा असणाऱ्याने विरोधाची.

आणि पाप आणि गुन्हा हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहा. पाप मानणाऱ्या कितीतरी लोकांना ते करणारीला तुरुंगात टाकायचं नसतं, पण तसं म्हणायची संधी त्यांना कोणी देत नाही. जोतीरावांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते बालहत्या बरी वाटली म्हणून नव्हे. विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, यासाठी दार उघडं ठेवलं. आपला कायदाही अर्धवट तिथेच उभा आहे. गर्भपात गुन्ह्यांच्या यादीतून निघालेला नाही. ठरलेल्या अटींत तो करणाऱ्या डॉक्टरला फक्त सूट आहे. म्हणून ‘भारतात हा स्त्रीचा हक्क आहे’ असं कोणी ठासून म्हटलं तर विचारा, मग डॉक्टरचं मत कशाला लागतं?

शिकलेल्यांचं एकमत होईल या आशेवर राहू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 26 आठवड्यांच्या प्रकरणात, तेच कागद समोर असताना, दोन न्यायाधीश बायकांची मतं फुटली, आणि तीन जणांच्या पीठाकडे गेल्यावर परवानगी नाकारली गेली.

उरलेलं थोडक्यात. टेबलावर माइक नको, माइक हातात आला की माणूस भाषण करतो. स्वतःचा अनुभव सांगायची कोणावर सक्ती नको, आणि ‘तुमच्या घरात असं झालं तर?’ हा प्रश्न बंद. बसलेल्यांपैकी कोणाच्या घरात झालेलं असतंच. दुसऱ्या तासानंतर पोहे-जलेबी ठेवा. वाद तापलेला असताना तोंडाला दुसरं काम लागलेलं बरं. शेवटी चिठ्ठ्या घ्यायच्या, नाव न लिहिता, आणि प्रश्न दोनच: हे चूक आहे का? हा गुन्हा असावा का? दोन्हींची मोजणी वेगवेगळी करा.

मोजायला काकूंना बसवा. त्यांचं मत काय आहे हे आजवर घरात कोणालाच कळलेलं नाही.

पत्र वाचून झालं की नाशिकला ताईकडे पाठवा.

तुमची,
शुभा