चिरे कोरडेच होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं कॉम्प्युटरचं सदर मी नेहमी वाचतो, मध्ये त्यात फोटोवर हलता पाऊस कसा पाडायचा ते दिलेलं, तेही करून बघितलं, म्हणून हे पत्र. सगळं फोटोशॉपवर दिलंय. आता दर महिन्याला पैसे भरून फोटोशॉप आमच्या वेंगुर्ल्याकडे स्टुडिओवाले सोडून कोण घेणार? जिम्प हे फोटोशॉपसारखंच सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे सगळं होतं, मी त्यातच केलं.

फोटो आमच्याच घराचा, मे महिन्यातला. वर काळा लेयर, म्हणजे फोटोवर ठेवलेला थर, त्यावर नॉइज, म्हणजे बारीक ठिपके, मग ते ओढून रेघा करणारा तिरका मोशन ब्लर आणि लेयरचा मोड स्क्रीन केला की काळं जातं, पांढऱ्या रेघा तेवढ्या राहतात. इथपर्यंत ठीक. पण पुढे म्हटलंय की प्रत्येक फ्रेमला, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या प्रत्येक चित्राला, नवा नॉइज घ्या, तसं केलं तर पाऊस पडत नाही हो, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसा नुसता चमचमतो. मी पाऊस एकच ठेवला. फोटो 600 पिक्सेल उंच, फ्रेम 6, दर फ्रेमला पावसाचा लेयर ऑफसेटने 100 पिक्सेल खाली, आणि रॅप अराउंड ठेवलं की खालून गेलेलं वरून परत येतं, म्हणजे सहा वेळा सरकून बरोब्बर पहिल्या जागी, जोड कळत नाही. जिम्पमध्ये एक लेयर म्हणजे एक फ्रेम, म्हणून प्रत्येक पावसाखाली फोटोची कॉपी ठेवून मर्ज करायची, मग गिफ, म्हणजे हलत्या चित्राची फाईल, एक्सपोर्ट करताना अ‍ॅनिमेशन आणि लूपवर टिक, दर फ्रेमला 100 मिलिसेकंद, झालं. आभाळात पट्टे दिसले तर घाबरू नका, गिफ 1987 सालचा फॉरमॅट, एका फ्रेमला 256 च रंग, डिदरिंग, म्हणजे रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळणं, लावलं की बरंच झाकतं.

फॅमिली ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत मुंबईहून काकांचा फोन, "पाऊस लागलो काय रे? आंबे काढून झाले मां?" मी हो म्हटलं, हसू आवरेना. पण शेजारच्या आजोबांना मोबाईल दाखवला तर ते म्हणाले, "ह्यो मिरगाचो न्हय, मिरगाचो दर्यावरसून येता, ह्यो घाटाकडसून इलो, वळीव." आणि खरंच की, फोटोत दर्या डाव्या हाताला आणि माझ्या रेघा उजवीकडून डावीकडे! कोन उलटा द्यायला हवा होता, सदरात दिलेला आकडा तसाच टाकला मी. आई तर चष्मा न लावताच म्हणाली की पायरीचे चिरे कोरडे आहेत आणि माडाची सावली पडलीय, ऊन असताना एवढा धो धो पाऊस कुठला.

पाऊस काय, अर्ध्या तासात पडतो. सावली पुसायला, सगळा फोटो मळभ आल्यासारखा करायला, चिरे ओले म्हणजे गडद करून त्यावर आभाळाची चकाकी आणायला माझे दोन दिवस गेले आणि तरी कौलं अजून मेचीच दिसतायत. ते कसं करायचं त्यावर सदरात अवाक्षर नाही. पुढच्या वेळी ते द्या, जिम्पवर द्या, आणि फोटो इथलाच कुठला तरी घ्या म्हणजे चूक लगेच कळते.

काकांना अजून खरं सांगितलेलं नाही.

आपला,
एक वाचक, ता. वेंगुर्ला