व्यसनमुक्त श्रोत्यांसाठी मैफलीत जागा हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर जवळ आला की संगीत महोत्सवांच्या आणि वर्षअखेरीच्या जल्लोषाच्या जाहिराती वृत्तपत्रांत शेजारीशेजारी दिसू लागतात. ज्यांनी दारू सोडली आहे, परंतु ज्यांना गाण्यावाचून राहवत नाही, अशा श्रोत्यांचा विचार मात्र या दिवसांत फारसा कोणी करत नाही. मी त्यांच्यापैकीच एक असल्याने हे पत्र लिहीत आहे.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतणाऱ्या माणसाशी नोकरी, कर्ज आणि घरच्यांचा विश्वास यांविषयी पुष्कळ बोलले जाते. गाण्याचे पुढे काय, हा प्रश्न तो विचारत नाही, कारण इतक्या गंभीर गोष्टींपुढे तो त्याला क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात ज्याने वर्षानुवर्षे गझला आणि नाट्यपदे भरल्या ग्लासासोबतच ऐकली, त्याने सुरुवातीच्या आठवड्यांत तीच गाणी पुन्हा लावली तर अनेकदा दारूची ओढ उसळून येते, किंवा मग काहीच वाटत नाही. माझ्या वाट्याला हे दुसरे आले आणि ते अधिक भीतिदायक होते. मालकंस ऐकताना सूर नेमके लागत आहेत हे कळत होते, पण आत काही हलत नव्हते. आयुष्य यापुढे असेच कोरडे जाणार असेल तर सोडून मिळवले काय, हा विचार याच टप्प्यावर मनात शिरतो आणि तो माणसाला पुन्हा गुत्त्याच्या दारापर्यंत नेऊ शकतो.

या कोरडेपणाला शारीरिक कारण आहे. आवडत्या संगीताच्या उत्कट क्षणी मेंदूत डोपामिन हे आनंदाशी निगडित रसायन स्रवते, हे माँट्रियलमधील संशोधकांनी 2011 साली दाखवून दिले. दीर्घकाळच्या मद्यपानाने आनंदाची हीच यंत्रणा बोथट होते आणि दारू थांबल्यावर ती सावरायला काही आठवडे, कित्येकदा काही महिने लागतात. हे दिवस सरतात, एवढे एक वाक्य प्रत्येक समुपदेशकाने रुग्णाला घरी पाठवताना आवर्जून सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘थोडी घेतल्याशिवाय गाणे चढत नाही’ ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. लंडनमधील काही डॉक्टरांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मात्र मद्यप्राशनानंतर ऐकण्याची क्षमता तात्पुरती मंदावते आणि त्याचा परिणाम विशेषतः खालच्या कंप्रतेच्या ध्वनींवर होतो, असे आढळले. ते वाचल्यावर मला तानपुऱ्याचा खर्ज आठवला. दारू सोडून बराच काळ लोटल्यावर एका विलंबित ख्यालात तो खर्ज मला प्रथमच सलग, अखेरपर्यंत ऐकू आला. गायक समेवर येण्याआधी किती दुरून तिची तयारी करतो, हे लक्षात आले. पूर्वी मी द्रुत बंदिशीची वाट पाहत बसत असे, आणि सकाळी आदल्या रात्रीच्या मैफलीतले बरेचसे आठवत नसे. आता घरी परतताना आलापीतली एखादी जागा गुणगुणता येते, आणि ती दुसऱ्या दिवशीही सोबत असते.

कलावंतांच्या बाबतीतही हेच दिसते. अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी 1957 साली हेरॉइन आणि दारू दोन्ही सोडली आणि त्यांचे श्रेष्ठ काम त्यानंतरच्या दहा वर्षांतले आहे. पं. भीमसेन जोशी यांनाही दारूशी झगडावे लागले व त्यांनी ती सोडली, हे जाणकारांना ठाऊक आहे; त्यानंतरही कित्येक वर्षे पुण्याच्या ‘सवाई’त लोकांनी त्यांचे गाणे ऐकले.

नोव्हेंबर 2024 मध्ये पुण्यात कोथरूड येथील एका मोठ्या गायन कार्यक्रमातील मद्यविक्रीची परवानगी ऐनवेळी रद्द झाली. तेव्हाची चर्चा परवानगी द्यावी की नाही, यापलीकडे गेली नाही. माझी मागणी बंदीची नाही. अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाच्या चाहत्यांपैकी नशा सोडलेल्यांनी 1980 च्या दशकात ‘व्हार्फ रॅट्स’ नावाचा गट बांधला. कार्यक्रमस्थळी ते पिवळे फुगे बांधलेले एक टेबल मांडतात आणि मध्यंतरात तिथे जमून एकमेकांना धीर देतात. ज्याला गर्दीत एकाएकी तलफ येते, त्याला कुठे जायचे हे ठाऊक असते.

आपल्याकडेही हे सहज जमण्यासारखे आहे. मद्यविक्री असलेल्या कार्यक्रमात संयोजकांनी विक्रीच्या जागेपासून दूर असा एक श्रोतृविभाग आणि एक टेबल द्यावे. घरगुती मैफलीत यजमानांनी ‘आजच्या दिवस घ्या’ असा आग्रह धरू नये. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अनिल अवचट स्वतः बासरी वाजवत असत. त्यांच्या गावात तरी ही सूचना परकी वाटू नये. एखाद्या संयोजकाने असे टेबल देण्याची तयारी दाखवली, तर तिथे बसण्यासाठी मी आणि माझे काही व्यसनमुक्त मित्र येण्यास तयार आहोत. संपर्कासाठी माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपला,
एक व्यसनमुक्त श्रोता, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)