एका दोरावर किती माणसे, हे आधी विचारा

प्रति,
संपादक

महोदय,

थंडी सुरू झाली की कळसूबाई रांगेतल्या अलंग, मदन आणि कुलंग या तीन किल्ल्यांच्या मोहिमांच्या जाहिराती येऊ लागतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही 'दोन दिवसांत तीन किल्ले' अशा धर्तीची माहिती छापली जाते. तिच्यात उंची असते, इतिहास असतो, पायथ्याच्या गावाचे नाव असते, सोबत काय आणावे याची यादीही असते. ज्या आकड्यावर सगळे अवलंबून आहे तो मात्र कुठेच नसतो. एका दोरावर किती माणसे चढणार, हा तो आकडा.

तिघांपैकी कुलंगला दोर लागत नाही. चढण लांबलचक आणि दमछाक करणारी आहे, पण वर पायऱ्या शाबूत आहेत. अलंग आणि मदनचे तसे नाही. 1818 मध्ये किल्ले इंग्रजांच्या हाती गेले, त्यानंतर या दोघांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या गेल्या आणि वाटेत उभा कातळ उरला. हे टप्पे काही फार उंच नाहीत. सराव असलेल्या माणसाला ते अवघड वाटत नाहीत, आणि म्हणूनच जाहिरातीत त्यांना 'छोटासा पॅच' म्हटले जाते. आता पुढचा हिशेब पाहा.

नवखा माणूस हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) तपासून घेतो, गाठ बांधून घेतो, चढतो, वर पोहोचल्यावर सुटा होतो आणि दोर पुन्हा खाली येतो. यात आठ मिनिटे गेली तर वेग चांगलाच म्हणायचा. 12 जणांना दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. 25 जणांना तीन तास वीस मिनिटे, तेही कुणी मध्येच घाबरून अडकला नाही तर. अलंग चढणे, अलंग उतरणे, मदन चढणे, मदन उतरणे असे चार टप्पे होतात. त्यांतले दोनच एका दिवसात धरले तरी 25 जणांचे पावणेसात तास दोराजवळच जातात. पायथ्याच्या आंबेवाडीपासून अलंग-मदनमधल्या खिंडीपर्यंतची चढाई तीन तासांची. डिसेंबरात उजेड मिळतो जेमतेम अकरा तास. त्यात माथ्यावरची चाल, जेवण, निसरड्या गवतावरून आडवे जाणे हे अजून धरलेलेच नाही. शिवाय त्याच शनिवारी दुसरा गट आला, एक चढतोय आणि दुसरा उतरतोय, की हा हिशेबच मोडतो. मग शेवटचे आठ-दहा जण अंधारात उतरतात, थकलेले लीडर घाईघाईने गाठी तपासतात, आणि वर कुणाचा पाय लागून सुटलेला दगड खालच्याला दिसत नाही. तेव्हा एका दोरामागे 12 पेक्षा जास्त माणसे असतील तर दुसरा दोर आणि तो लावणारी दुसरी जाणकार जोडी हवी. ती नसेल तर पैसे भरू नयेत.

दोर कसला, हेही विचारावे. 'आमच्याकडे रोप आहे' एवढ्याने भागत नाही. सर्वांत आधी चढणाऱ्या लीडरला डायनॅमिक दोरच लागतो. तो पडला तर दोर ताणला जातो आणि धक्का पचवतो. ईएन 892 या युरोपीय मानकानुसार हा ताण 40 टक्क्यांपर्यंत चालतो. रॅपलिंगसाठी (दोरावरून उतरण्यासाठी) मात्र कमी ताणणारा सेमी-स्टॅटिक दोर बरा (ईएन 1891, प्रकार ए), कारण तो हिंदकळत नाही आणि कातळाच्या धारेवर कमी घासतो. दोन्हींची अदलाबदल करता येत नाही. कातळात ठोकलेल्या शेवटच्या बोल्टच्या तीन मीटर वर पोहोचलेला लीडर निसटला की किमान सहा मीटर पडतो. हा धक्का सेमी-स्टॅटिक दोराने झेलला तर तो जवळपास सगळा बोल्टवर आणि लीडरच्या कमरेवर येतो. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी प्लॅस्टिकची दोरी सामान ओढायलाच ठीक. ती सुमारे 165 अंशांना वितळते आणि डिसेंडरच्या (उतरताना दोरावर वेग रोखणाऱ्या धातूच्या साधनाच्या) घर्षणाने तिची साल सुटू लागते.

लांबीचाही घोळ नेहमी होतो. कातळटप्पा 60 फुटांचा धरला तर तो सुमारे 18 मीटर. दोर दुहेरी टाकून उतरायचे आणि खालून ओढून घ्यायचा, तर 36 मीटर कातळावरच लागतो; वर अँकरपर्यंतचे (दोर जिथे अडकवतात तिथपर्यंतचे) अंतर आणि खाली जमिनीवरची चार हात शिल्लक वेगळी. 30 मीटरचा दोर दुहेरी केला की 15 मीटरवर संपतो, म्हणजे माणूस जमिनीपासून दहा फूट वर टोकाला येतो. म्हणून अशा टप्प्याला 50 मीटरपेक्षा कमी दोर घेऊन येऊ नये, आणि दोन्ही टोकांना गाठ मारल्याशिवाय कुणाला खाली सोडू नये. दोर कधी घेतला आणि किती वापरला याची नोंद लीडरकडे हवी. न वापरलेला दोरही दहा वर्षांनंतर बाद समजायचा. दर आठवड्याला वापरला जाणारा त्याच्या कितीतरी आधी. हातातून सरकवताना एखाद्या जागी तो मऊ पडला किंवा सपाट लागला, तर आतला गाभा तुटला आहे असे समजून तिथेच बाद करावा.

कातळात आधीच ठोकलेले बोल्ट पाहून पुष्कळांना हायसे वाटते. त्या बोल्टनी किती पावसाळे खाल्ले आहेत हे बाहेरून कळत नाही. गंज भोकाच्या आत असतो. हातोडीने हलके ठोकावे. खणखणीत आवाज आला तर निदान संशय कमी, बद्द आवाज आला किंवा बोल्टची पट्टी फिरली तर त्याला हात लावू नये. एकाच बोल्टवर कुणालाही लटकवू नये, कमीत कमी दोन हवेत आणि स्लिंग (दोर अडकवायचा पट्ट्याचा फास) दोघांत विभागलेली हवी. दोन्ही बाजूंमधला कोन 60 अंशांच्या आत ठेवावा. 120 अंश झाला की प्रत्येक बोल्टवर पूर्ण वजन येते, म्हणजे दोन लावल्याचा उपयोगच उरत नाही. दोर धारेवरून जात असेल तिथे कॅनव्हासची नळी घालावी. ती नसेल तर जुन्या जीन्सचा पायही चालतो.

उतरताना अपघाताच्या शक्यता जास्त असतात, कारण चढताना सगळे सावध असतात. पाठीवर जड सॅक असेल तर उतरणारा मागे उलटा होतो. सॅक वेगळ्या दोराने सोडाव्यात, त्यासाठी वेळ राखून ठेवावा. मोकळे केस, ओढणी, सैल टी-शर्ट डिसेंडरमध्ये ओढला जातो आणि माणूस अधांतरी अडकतो. नवख्याला एकट्या डिसेंडरवर कधीच सोडू नये. वरून दुसऱ्या दोराने बिले द्यावा (म्हणजे वरच्याने सुरक्षेचा दोर धरून राहावे), किंवा निदान खाली उभ्या माणसाने दोर हातात धरून राहावा, म्हणजे वरच्याचा हात सुटला तरी दोर ताणून त्याला थांबवता येते. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर काही मिनिटांतच जिवावर बेतू शकते. त्याला कसे खाली घ्यायचे हे लीडरला ठाऊक आहे का, हे निघण्याआधी विचारायला संकोच करू नये. हेल्मेट गिर्यारोहणाचे, हनुवटीला पट्टा असलेले हवे. बांधकामावरचे पिवळे टोपडे पहिल्याच दगडाला उडून जाते.

पायथ्याला पोहोचण्याबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण गडबड तिथूनच सुरू होते. मुंबईकडचे लोक रात्रीच्या कसारा लोकलने येतात आणि जीपने घोटीमार्गे पुढे जातात. पुण्याकडच्यांना सिन्नरहून घोटी गाठणे सोयीचे. घोटी ते आंबेवाडी अंतर 30 किलोमीटरच्या आसपास आहे, पिंपळगाव मोरमार्गे. एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. वेळापत्रक आदल्या दिवशी घोटी स्थानकात विचारून घ्यावे आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता हे कागदावर लिहून ठेवावे. जीपवाल्याला 'कळसूबाईकडे' एवढेच सांगितले तर तो बारी गावाला नेईल, कारण नव्वद टक्के गिऱ्हाइके तिकडचीच. गावाचे नाव स्पष्ट सांगावे. कुलंग एकटाच करायचा असेल तर कुरुंगवाडीही जवळ पडते. काही गट भंडारदऱ्याच्या बाजूने, उडदावण्याहून चढतात आणि आंबेवाडीत उतरतात. त्यांनी गाडी डोंगराला वळसा घालून कोण आणणार हे आधी ठरवावे.

रात्रभर प्रवास करून पहाटे चारला उतरायचे आणि पाचला चढायला लागायचे, हा आपल्याकडचा शिरस्ता मला मान्य नाही. न झोपलेला माणूस गाठ चुकवतो. शुक्रवारी रात्री आंबेवाडीत मुक्काम करता येतो, गावात जेवण मिळते, वाटाड्याही मिळतो. तो घ्यावा; खिंडीपर्यंतच्या जंगलात ढोरवाटा इतक्या फुटतात की वाट चुकली तर एक-दोन तास सहज जातात. ड्रायव्हरही रात्रभर जागलेला असतो आणि रविवारी रात्री तोच कसारा घाट उतरणार असतो. त्याच्या झोपेची सोय आयोजकाने केली आहे का, हा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही.

बाकी सामानाचे थोडक्यात. हिवाळ्यात माणशी तीन ते चार लिटर पाणी पायथ्यापासून घ्यावे. वर टाकी आहेत, पण मदनवरचे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. बूट दोन-चार वर्षे कपाटात पडून राहिलेले असतील तर आठवडाभर घालून फिरून पाहावेत. दमट हवेत पॉलियुरेथेनचा तळ आतून कुजतो आणि पहिल्याच चढणीला अख्खा सुटून येतो. पळण्याच्या बुटांचा गुळगुळीत तळ वाळल्या गवतावर अजिबात धरत नाही. हेडलॅम्प प्रत्येकाकडे स्वतःचा हवा, जादा सेलसह. मोबाईलचा दिवा चालणार नाही, कारण दोरावर दोन्ही हात लागतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा यांवर बंदी हवी. कातळात आग्या मोहोळे असतात आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. 112 आणि 108 हे क्रमांक ठाऊक असणे पुरेसे नाही. वर जाताना फोनला रेंज नेमकी कुठे मिळते ते पाहून ठेवावे, आणि परतायला अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर काय करायचे हे गावात एकाला सांगून ठेवावे.

राज्याच्या पर्यटन विभागाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यानुसार आयोजकाने नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणी विचारावी, पण नोंदणीच्या कागदावरून दोराची अवस्था कळत नाही. ती दोर पाहूनच कळते.

आपल्या पुरवणीला एक विनंती आहे. भटकंतीच्या माहितीसोबतच्या चौकटीत उंची आणि इतिहास अवश्य छापावा, पण चार ओळी जास्त द्याव्यात: दोर लागतो की नाही, कातळटप्पा किती फुटांचा, एका दोरामागे जास्तीत जास्त किती माणसे, आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता. अलंग आणि मदनबाबत पाचवी ओळही हवी. पावसाळ्यात या कातळावर शेवाळ धरते आणि पायऱ्यांवरून पाणी वाहते. जून ते ऑक्टोबर या काळात तिथल्या मोहिमेची जाहिरात आलीच तर ती छापू नये.

आपला,
एक गिर्यारोहण प्रशिक्षक
डोंबिवली