टीडीमॅट आणि पावसाळी हवा

संपादक महोदय,

टायटॅनियम नायट्राइडचे किंवा ऑक्साइडचे पातळ थर चढवणाऱ्या एएलडी (अणूंचा एकेक थर चढवणाऱ्या) यंत्रांत टीडीमॅट, म्हणजे टेट्राकिस डायमिथिलअमिडो टायटॅनियम, वापरतात. मुंबई-कोकणात या पिवळसर नारिंगी द्रवाची बाटली जुलैत उघडणे आणि जानेवारीत उघडणे यांत फार फरक आहे.

२२४ ग्रॅम टीडीमॅट पूर्ण विघटित व्हायला ३६ ग्रॅम पाणी पुरते. ३० अंश सेल्सियस आणि ८५ टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम बाष्प असते. हिशेबाने तेवढी हवा १६० ग्रॅम द्रव संपवू शकते. मागे उरते टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी आणि मासळीसारख्या उग्र वासाचा, ज्वालाग्राही डायमिथिलअमाइन वायू.

ही भुकटीच व्हॉल्व्ह आणि द्रव काढायच्या सुया बुजवते. म्हणून सुई वापरताच कोरड्या हेक्झेनने धुवावी. अल्कोहोल आणि अॅसिटोन इथे चालत नाहीत, ते टीडीमॅटशी अभिक्रिया करतात. द्रव गढूळ दिसला तर ओल शिरली असे समजावे. यंत्राच्या नळ्या टीडीमॅटच्या पात्रापेक्षा दहा-वीस अंश गरम ठेवाव्यात, नाहीतर वाफेचा वाटेतच पुन्हा द्रव होतो.

खरी चूक होते ती उरलेला द्रव नष्ट करताना. तो थेट पाण्यात ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण. दहा ग्रॅममधून सुमारे साडेचार लिटर वायू निघतो, आणि तोही क्षणात. नायट्रोजन वायूच्या आवरणाखाली, बर्फात ठेवलेल्या कोरड्या टोल्युइनमध्ये द्रव पाच टक्क्यांपर्यंत पातळ करावा. मग कोरडे आयसोप्रोपॅनॉल थेंबथेंब सोडावे, पाणी अगदी शेवटी. निघणारा वायू सौम्य सायट्रिक आम्लातून न्यावा. मध्ये एक रिकामी बाटली जोडावीच, कारण आम्ल अमाइन भराभर शोषते आणि उलटे ओढले जाऊन थेट टीडीमॅटवर येऊ शकते.

आग लागल्यास पाणी किंवा फोम वापरू नये. कार्बन डायऑक्साइडवरही विसंबू नये, टीडीमॅट त्याच्याशीही अभिक्रिया करते. कोरडी भुकटी किंवा कोरडी वाळू जवळ असावी. अनेक प्रयोगशाळांत दाराशी फक्त लाल सीओटू सिलिंडर टांगलेला असतो. संस्थांच्या सुरक्षा समित्यांनी पावसाळ्याआधी एवढे तरी तपासावे.

मात्र द्रव डोळ्यांत उडाला तर हा पाणीबंदीचा नियम लागू नाही. तिथे लगेच, किमान पंधरा मिनिटे, भरपूर पाण्याचीच धार हवी. त्वचेवरचा द्रव आधी कोरड्या कापडाने टिपून मग धुवावा.

— पदार्थविज्ञान प्रयोगशाळेतील काही तंत्रज्ञ, मुंबई